तीन हप्त्यांचा भाऊ

महाराष्ट्रातला भाऊ वर्षातून दोनदाच भाऊ असतो. एकदा नारळी पौर्णिमेला आणि एकदा भाऊबीजेला. मधल्या काळात त्याला मुलगा, नवरा, बाप, मतदार किंवा सोसायटीचा थकबाकीदार म्हणून जगायची मोकळीक असते. रायपूरच्या मराठी भावाला ही चैन नाही. आमच्याकडे श्रावणात राखी, भाद्रपदात तीजा आणि कार्तिकात भाऊबीज असे तीन हप्ते पडतात. २०२५ साली राखी ९ ऑगस्टला होती, तीजा २६ ऑगस्टला आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला. पहिल्या दोन हप्त्यांत सतरा दिवस! एवढ्या अंतरानं तर दूधवालाही दुसरं बिल पुढे करत नाही. हे तिन्ही सण चातुर्मासात येतात आणि चातुर्मासात देव झोपलेले असतात, हा मला तरी योगायोग वाटत नाही. देवालाही सुभद्रा नावाची बहीण आहे.

तीजा म्हणजे आपली हरतालिकाच. तिथी तीच, भाद्रपद शुद्ध तृतीया. शंकर-पार्वती तेच, निर्जळी उपास तोच, जागरणही तेच. महाराष्ट्रात या दिवशी भावाला काही काम नसतं. फार तर पत्री आणून द्यायची आणि बेल म्हणून भलताच पाला आणल्याबद्दल बोलणी खायची. छत्तीसगढनं मात्र या व्रताचं ठिकाण बदललं. उपास नवऱ्यासाठीच करायचा, पण माहेरी. भावानं घरी येऊन, सन्मानानं नेल्यावर. आणि सोडायचा तोही माहेरचं नवं लुगडं नेसून. थोडक्यात, आयुष्य वाढतं भाऊजींचं आणि खर्च वाढतो माझा.

पोळा झाला की गावोगावचे भाऊ घराबाहेर पडतात. पोळ्याला इथे पोरा म्हणतात आणि 'तीजा-पोरा' हा जोडशब्द एका दमात उच्चारतात. कोणी मोटरसायकलवर, कोणी लोकलनं, कोणी सहा आसनी गाडीत अकरावा होऊन निघतो. बहिणीला न्यायला येणारा हा माणूस म्हणजे लेवाल. भाऊ थकला असेल तर त्याचा मुलगा येतो. बहीण साठीची असो की सत्तरीची, नातवंडांना कडेवरून उतरवून ती पिशवी भरते आणि निघते. आदल्या रात्री करू भात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. शेजारीपाजारी, भाऊबंदांत जाऊन बायका तो खातात. कारल्यामुळे दुसऱ्या दिवशी तहान कमी लागते, असं त्या सांगतात. माझी धाकटी बहीण वेगळं कारण देते. ती म्हणते, "वर्षभर सासरी जे गिळतो त्यापुढे कारलं कसं लागतं, ते पाहायचं असतं." धाकटीचं सासर दुर्गचं, अस्सल छत्तीसगढी. तिथून ती दर वर्षी रीतसर येते. थोरली ताई नागपूरला, अस्सल मराठी घरात. तिला तीजेशी खरं तर काही कर्तव्य नाही. पण त्याबद्दल पुढे.

तीजेच्या दुसऱ्या दिवशी गणपती. महाराष्ट्रात वाचणाऱ्याला ही पंचांगातली साधी नोंद वाटेल. रायपूरच्या मराठी घरात ती आणीबाणी आहे.

कारण ज्या आठवड्यात घर धुऊन काढायचं, पितळेची भांडी चिंचेनं घासायची, मखराखालचा पाट माळ्यावरून काढायचा, त्याच आठवड्यात शहरातल्या यच्चयावत कामवाल्या बाया माहेरी गेलेल्या असतात. आमच्याकडे भांडी-झाडूला येणाऱ्या बाईंचं माहेर आरंगकडचं. पोरा झाल्यानंतर एका सकाळी त्यांचा भाऊ आमच्या दारात उभा राहतो. पांढरं धोतर, खांद्यावर गमछा, हातात ठेठरी-खुरमीचा डबा. वय बाईंपेक्षा चार वर्षांनी जास्त, गुडघे त्याहून जास्त. तो आत येत नाही, खुर्चीवर बसत नाही. पायरीवर बसून म्हणतो, "बहिनी ल लेगे बर आए हंव." बहिणीला न्यायला आलोय. बस. कसली विनंती नाही, रजेचा अर्ज नाही. बाई हातातला अर्धा घासलेला कुकर तसाच ठेवतात आणि हात पुसतात.

आमच्या सौभाग्यवती दर वर्षी एक प्रयत्न करतात. "दीदी, गणपती बसले की जा ना. एकच दिवस." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं आहे. "गनेस भगवान तो दस दिन रइही. तीजा एके दिन के ए." गणपती दहा दिवस राहणार आहे, तीजा एकच दिवस असते. या युक्तिवादाला काशीच्या पंडितांकडेही उत्तर नसेल. सौभाग्यवती माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघतो, आणि त्या वर्षीची पितळेची भांडी मी घासतो.

भांडी घासताना एक गोष्ट लक्षात येते. महाराष्ट्रात आपण ओवाळणीच्या रकमेवर फार बोललो. पाकिटात एकावन्न घालायचे की पाचशे एक, वर चिकटवलेला रुपया धरायचा की नाही, यावर घराघरांत खल झाला. पायरीवर बसलेल्या त्या माणसानं रकमेचा प्रश्नच निकालात काढलाय. तो स्वतः आलाय. फोन पे केलेलं नाही, कुरियर केलेलं नाही. टपाल खात्याचं ते पावसात न भिजणारं राखीचं पाकीट उत्तम आहे, पण त्यात भाऊ मावत नाही.

तीजेच्या दिवसांत रायपूरमधले नवरे ओळखू येतात. शर्टाला इस्त्री नसते आणि दुपारी बाराच्या सुमारास चेहऱ्यावर एक तात्त्विक भाव असतो. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींच्या घरातून बायको, दोन सुना आणि स्वयंपाकाची बाई अशा चौघी एकाच दिवशी माहेरी जातात. उरतात तीन पुरुष आणि एक गॅस. पहिल्या दिवशी खिचडी होते. दुसऱ्या दिवशी खिचडीच होते, फक्त तिला तहरी म्हणतात. तिसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या गणपतीच्या दर्शनाला येतात आणि नेमके आरती संपून पानं मांडायच्या वेळी येतात. एरवी ते आर्यसमाजी विचारांचे आहेत. पण उकडीचा मोदक समोर आला की मूर्तिपूजेला फार विरोध करत नाहीत.

२०१९ साली छत्तीसगढ सरकारनं तीजेची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. बहिणींनी स्वागत केलं. भावांचा मात्र एक फार जुना आणि विश्वासू आधार गेला. तोवर "ऑफिस आहे गं" हे वाक्य चालत असे.

मराठी माणूस या भानगडीत कसा सापडला, हे सांगायला हवं, कारण तोही भावांचाच मामला आहे. नागपूरकर पहिले रघूजी भोसले १७५५ साली वारले. जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी या मुलांमध्ये वाटण्या झाल्या आणि छत्तीसगढ बिंबाजींकडे आलं. ते रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. त्यांच्या मागोमाग कारकून आले, भिक्षुक आले, शिपाई आले, आणि त्यांच्या बायका आल्या, म्हणजेच कोणाच्या तरी बहिणी आल्या. दसऱ्याला सोनं वाटायची प्रथा बिंबाजींनी इथे रुजवली, असं छत्तीसगढच्या स्पर्धा परीक्षांची पुस्तकं सांगतात. म्हणजे आम्ही या प्रांताला सोनं म्हणून झाडाची पानं दिली. प्रांतानं परतफेडीत तीजा दिली, आणि तिच्यात साडी खरी द्यावी लागते.

पुढे मराठी मंडळी इथल्या मातीत चांगली मुरली. तात्यापारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांतून वाढली, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ उभं केलं, लाखेनगर हे नाव शहराला दिलं. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच शहरात राहिले. सप्रे यांनी मराठीतलं तत्त्वज्ञान हिंदीत नेलं. आमच्या बहिणींनी छत्तीसगढीतले रीतिरिवाज मराठीत आणले, तेही निवडून, सोयीचे तेवढे. हरतालिकेची वाळूची पिंड मराठी राहिली, सोळा पत्री मराठी राहिल्या, कहाणी मराठी राहिली. साडीचं कलम तेवढं छत्तीसगढी झालं.

नागपूरच्या ताईनं हे कलम स्वतःला लागू करून घेतलं ते एका फोनवर. "मी जन्मानं रायपूरची हाये की नाही?" मी म्हटलं, आहेस. "मंग तीजा जन्मस्थानावरून ठरते की सासरच्या पत्त्यावरून?" मी म्हटलं, ताई, तुझ्या सासरी हरतालिका करतात. "ते मी करूनच राहिली ना! ते त्यांच्यासाठी. हे माह्यासाठी." ताई बँकेत अधिकारी आहे. कर्जाच्या कागदातली बारीक अक्षरं वाचण्यात तिचं आयुष्य गेलंय.

सोयीच्या या शास्त्रात पंचांगाचीही मदत होते. आमच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका आहेत, एक 'कालनिर्णय' आणि एक जबलपूरची 'लाला रामस्वरूप'. दोघांचं तिथीवर एकमत असतं, महिन्यावर नसतं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून राखीच्या दिवशी गुरुजींच्या घरचा सावन संपतो आणि आमचा श्रावण अर्धा उरतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीतून कोंबडीच्या रश्श्याचा वास येतो आणि माझा मुलगा भिंतीजवळ उभा राहून लाला रामस्वरूप अतिशय भक्तिभावानं वाचू लागतो. पुढे पोळ्याची अमावास्या येते. आमच्या हिशेबानं ती श्रावणाची, त्यांच्या हिशेबानं भादव्याची. बैल तेच असतात, त्यांना विचारायचं कारण नाही.

राखीच्या मुहूर्ताचं प्रकरण याहून नाजूक. २०२३ साली ३० ऑगस्टला सकाळी पौर्णिमा लागली आणि तिच्यासोबत भद्राही लागली, ती रात्री नऊपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास पौर्णिमा संपत होती. रायपूर दोन पक्षांत विभागलं गेलं. एक पक्ष रात्री नऊनंतर राखी बांधणारा, दुसरा पहाटे उठून बांधणारा. पुण्याच्या आतेबहिणीनं फोनवर सांगितलं की भद्रा वगैरे आम्ही पाळत नाही, दुपारी चारला बांधणार आणि साडेपाचला नाटकाला जाणार. इथे धाकटी दुर्गहून रात्री साडेनऊला पोचली, पोरं झोपलेली, मी जांभया देतोय, आणि नारळीभात तिसऱ्यांदा गरम झालेला. त्यात एका पोराला ओवाळताना तो अर्धवट झोपेतच म्हणाला, "लाइट बंद कर."

पुराणात पाहिलं तर हा सगळा सूर्याच्या घरातला गोंधळ आहे. यमाला जेवायला बोलावून भाऊबीज सुरू करणारी यमुना सूर्याची मुलगी. राखीचा मुहूर्त अडवून बसणारी भद्राही सूर्याचीच मुलगी. फरक भावांचा आहे. यमुनेचा भाऊ एकदा का होईना, बहिणीकडे जेवायला गेला. भद्रेचा भाऊ शनी. ज्या बाईला असा भाऊ मिळाला, ती इतरांच्या राखीच्या वेळी तोंड वाकडं करून बसली तर तिला दोष देणं मला जमत नाही.

राखीच्या दुसऱ्या दिवशी इथे भोजली असते. टोपलीत उगवलेली गव्हाची कोवळी, पिवळट रोपं तळ्यात शिरवायची आणि त्यातली थोडी मैत्रिणीच्या कानात खोचायची. मग दोघी जन्मभराच्या भोजली होतात, एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत, 'सीताराम भोजली' म्हणतात, आणि दोन्ही घरं नात्यानं बांधली जातात. ताईनं शाळेत असताना गल्लीतल्या एका मुलीशी भोजली बदलली. तिला वाटलं मैत्रीण मिळाली. मला तिसरी बहीण मिळाली. तीही राखी बांधते. सुदैवानं ती भाऊबीज तिच्या सख्ख्या भावाकडे करते, नाहीतर एव्हाना मी कर्जासाठी ताईच्या बँकेत उभा असतो.

आता भाच्याचं सांगतो. महाराष्ट्रात मामा ही भाच्यांच्या दृष्टीनं वरच्या दर्जाची व्यक्ती आहे. सुट्टीत त्याच्या गावाला जायचं, त्याच्या पाया पडायचं, त्यानं आंबे द्यायचे. छत्तीसगढमध्ये हा दर्जा उलटा आहे. इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. कारणही भक्कम आहे. हा प्रांत म्हणजे दक्षिण कोसल, कौसल्येचं माहेर. रायपूरजवळ चंदखुरीला तळ्याच्या मधोमध कौसल्यामातेचं मंदिर आहे. कौसल्या इथली लेक, म्हणून राम इथला भाचा, म्हणून प्रत्येक भाचा राम. एका बहिणीच्या माहेरपणावर अख्खं राज्य मामा होऊन बसलंय.

धाकटीचं लग्न होईपर्यंत हे मला लोककथेतली गोड गोष्ट म्हणून आवडायचं. मग तिला मुलगा झाला. बारशाला दुर्गला गेलो. पाळण्यात साडेतीन किलोचा राम झोपला होता. त्याचे आजोबा मोठ्या आदरानं म्हणाले, "मामाजी, आइए, भांजे का आशीर्वाद लीजिए." मी वाकलो. रामानं त्याच वेळी जे करायचं ते केलं आणि सगळ्यांनी तो आशीर्वादच मानला. आता तो सहा वर्षांचा आहे आणि त्याला आपला अधिकार पूर्ण समजलाय. आमच्या घरी आला की चपला काढतो आणि एक पाऊल पुढे करून उभा राहतो. मागच्या दिवाळीत तो नागपूरला ताईच्या घरी गेला आणि तिच्या सासरकडच्या एका सत्तरीच्या काकांसमोर त्यानं असंच पाऊल पुढे केलं. काकांना वाटलं, काटा रुतला. त्यांनी चष्मा लावून, बॅटरी घेऊन, पाच मिनिटं तळवा तपासला.

भाऊबीजेकडे वळलं की वेगळीच पंचाईत. शास्त्राप्रमाणे भावानं बहिणीच्या घरी जेवायला जायचं. म्हणजे मी ताईकडे नागपूरला. पण भाऊजीही कोणाचे तरी भाऊ आहेत, ते त्यांच्या बहिणीकडे अमरावतीला. त्या बहिणीचे यजमान त्यांच्या बहिणीकडे अकोल्याला. प्रत्येक घरात बाई आहे, तिचा नवरा बाहेर आहे आणि तिचा भाऊ जेवतोय. हिशेब चोख. मात्र मेहुणे-मेहुणे एकमेकांना कधीच भेटत नाहीत. अनेक घरांतली शांतता या व्यवस्थेवर टिकून असावी.

राखीला हाच हिशेब फसतो. राखीला बहिणीनं भावाकडे यायचं. धाकटी आमच्याकडे येणार, त्याच दिवशी सौभाग्यवतींना त्यांच्या भावाकडे राजनांदगावला जायचं असतं. तिकडे त्यांची वहिनी आपल्या भावाकडे निघालेली असते. म्हणजे सगळ्या नणंदा पोचतात तेव्हा सगळ्या वहिन्या गेलेल्या असतात. माहेरपणाला आलेल्या बहिणीला जेवायला कोण वाढणार? याचं उत्तर आमच्या घरी एकच निघालं आणि ते पितळेच्या भांड्यांच्या दिशेनं जातं. शेजारच्या मारवाडी मुली भावाबरोबर भावजयीलाही लुंबा बांधतात, चुड्यात लोंबणारी नाजूक राखी. सौभाग्यवतींना ती प्रथा फार आवडली. "निदान त्यांना वहिनी घरात लागते," असं त्या म्हणाल्या. सूर कौतुकाचा होता. मी तो तसाच धरला.

आता सरकारही भाऊ झालंय. नागपूर, रायपूर आणि जबलपूर एकेकाळी एकाच प्रांतातली भावंडं. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. मग वाटण्या झाल्या, २००० साली पुन्हा एक झाली. वेगळे झाल्यावर तिघांनी बहिणींना हप्ते सुरू केले. मध्य प्रदेशानं २०२३ मध्ये 'लाडली बहना' काढली. २०२४ मध्ये छत्तीसगढनं 'महतारी वंदन' आणि महाराष्ट्रानं 'लाडकी बहीण' आणली. इकडे महिन्याला एक हजार, तिकडे दीड हजार. महाराष्ट्रानं पहिले हप्ते ऐन राखीच्या तोंडावर खात्यात टाकले. म्हणजे भद्रेचाही प्रश्न आला नाही. आमच्या बाईंना महतारी वंदनचे हजार मिळतात. ताईच्या स्वयंपाकाच्या बाईंना लाडकी बहीणचे दीड हजार. ताई बँकेतली, धाकटीचे यजमान पटवारी. त्यामुळे दोघीही निकषांत बसत नाहीत. सरकारनं नाकारलेल्या या दोन्ही अर्जदार मग माझ्याकडे वळतात. ताई तर दर वर्षी दोन्ही राज्यांच्या दरातली तफावत मला समजावून सांगते आणि आपला हिशेब महाराष्ट्राच्या दरानं धरावा, असं सुचवते.

पटवारी जावई घरात असणं हे भावासाठी तितकंसं सुखाचं नाही. गंमत बाजूला ठेवून सांगतो, साडीच्या या सगळ्या व्यवहाराला एक वेगळं अस्तर आहे आणि ते महाराष्ट्रातही तेच आहे. बाप गेल्यावर बहिणीला माहेरी बोलवायचं, गोडधोड करायचं, साडी-चोळी करायची आणि जेवण झाल्यावर हक्कसोडीचा कागद पुढे सरकवायचा. दोन हजारांची साडी आणि दोन एकरांची सही. कायद्यानं २००५ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात उरलीसुरली शंका मिटवली. हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. त्या वर्षी राखी ३ ऑगस्टला होऊन गेली होती. निकाल आठ दिवस आधी आला असता तर पुष्कळ भावांनी ओवाळताना ताटातल्या निरांजनाकडे न बघता बहिणीच्या चेहऱ्याकडे जरा निरखून बघितलं असतं.

आमच्या वडिलांची अभनपूरकडे थोडी जमीन होती. तीजेची साडी घ्यायला पंडरीच्या कापड बाजारात गेलो होतो. धाकटी दुकानदारापुढे साड्यांचा डोंगर करून मध्येच म्हणाली, "दादा, रंग मी निवडते. बी-वनवर नाव तू चढव." इथला बी-वन म्हणजे जमिनीचा तो उतारा, ज्यावर खातेदारांची नावं असतात. दुकानदार कापड मोजता मोजता थांबला. त्यालाही बहिणी असाव्यात. आता उताऱ्यावर तिघांचीही नावं आहेत आणि धाकटी तीजेची साडी पूर्वीपेक्षा महागातली घेते. खातेदार झाल्यावर दर्जा सांभाळावा लागतो, असं तिचं म्हणणं.

आणि ताई. साडी तिला कुरियरनं पाठवता आली असती, तसं मी सुचवलंही. "साडी मी दुकानातून घेऊन घेईन," ती म्हणाली, "तू न्यायला येऊन राहिला का, ते सांग." पायरीवर बसणाऱ्या त्या माणसाची गोष्ट मीच तिला कौतुकानं सांगितली होती. तिनं ती नीट ऐकून ठेवली होती. तेव्हा पोळ्यानंतर मी वंदे भारतनं निघालो. २०२२च्या डिसेंबरात सुरू झालेली ही गाडी चारेक तासांत नागपूरला पोचवते. जायचं तिकीट ताईनंच काढून पाठवलं होतं, यायची दोन्हीही तिनंच. मी पैशांचा विषय काढल्यावर म्हणाली, "तू फक्त पिशवी धर. लेवालचं काम तेवढंच असते."

गाडी नागपूर सोडून गोंदियाकडे लागली. ताईनं चप्पल काढून पाय वर घेतले, खिडकीला डोकं टेकलं आणि करू भाताला कारली कोवळी आणली का, अशी चौकशी केली. एवढ्यात माझा फोन वाजला. भाऊजी होते. आवाज एकदम गुरुजींसारखा तात्त्विक झालेला. "अहो, जरा तिला विचारता का, खिचडीला कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या?"

मी विचारलं.

"सांग त्यांना," ताई डोळे न उघडता म्हणाली, "तो कुकर त्यांच्या बहिणीनं राखीला दिला व्हता. तिलाच विचारा."

मी तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग भाऊजी म्हणाले, "तिला केला होता हो फोन. तिचाही भाऊ तिला न्यायला यावा, असं म्हणून राहिली."